पावसातल्या पुलाचं जपानी चित्र ‘ओरिजिनल’ आहे का, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आजोबा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. १९६० च्या दशकात कोबे बंदरातून त्यांनी एक चित्र आणलं. धो धो पावसात लाकडी पुलावरून पळणारी माणसं, खाली नदीत तराफा ढकलणारा एकटा माणूस, वर काळा ढग, लाल पट्ट्यांत जपानी अक्षरं. तेव्हापासून ते फ्रेम करून हॉलमध्ये टांगलेलं आहे. सही आहे, शिक्के आहेत, कागद पिवळा पडलाय, आणि फ्रेमवाला म्हणतो ओरिजिनल आहे. खरं काय, आणि किंमत किती?

चित्र कोणतं ते वर्णनावरूनच कळतं. जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगेच्या ‘एदोची (म्हणजे आजच्या तोक्योची) शंभर प्रसिद्ध स्थळं’ या लाकडी ठशांनी छापलेल्या मालिकेतलं, शिन-ओहाशी पुलावर अचानक आलेल्या सरीचं. साल १८५७, प्रकाशक उओया एइकिची. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये यावरूनच तैलरंगात नक्कल केली होती. चित्र एवढं गाजल्यामुळे त्याच्या नकला, पुनर्मुद्रणं, पोस्टर्स, कॅलेंडरं गेली शंभरेक वर्षं निघत आली आहेत. तुमच्या हातात यातलं काहीही असू शकतं.

आधी एक गोष्ट बाजूला करू. सही, शिक्के आणि पिवळेपणा हे तिन्ही पुरावे इथे जवळजवळ कुचकामी आहेत. लाकडी ठशांच्या या छपाईत सही हाताने केलेली नसते, ती चित्राच्या रेघांसोबत लाकडात कोरलेली असते. नक्कल करणारा चित्र कोरतो तेव्हा सहीही कोरतो, शिक्केही कोरतो. आणि पिवळा तर दहा वर्षांत वर्तमानपत्राचा कागदही पडतो.

‘ओरिजिनल’ हा शब्दच इथे गोंधळ घालतो. हिरोशिगेने काढलेलं मूळ रेखाटन कोरताना नष्टच होत असे. पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या लाकडी फळीवर पालथं चिकटवायचं आणि त्याच्यासकट लाकूड कोरायचं, अशी ती रीत. रेघ तेवढी उंच ठेवून दोन्ही बाजूंचं लाकूड काढलं जाई. या रेघांच्या ठशावरून काळ्या रंगात काही प्रती काढत, चित्रकार त्यांवर कुठे कोणता रंग ते दाखवी, आणि मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. छापणारा तिसराच माणूस, आणि पैसा व जोखीम प्रकाशकाची. म्हणजे ‘मूळ चित्र’ नावाचा एकच कागद कधी नव्हताच. परंपरेने एका खेपेला साधारण २०० प्रती काढत, खपलं की त्याच ठशांवरून पुन्हा छपाई.

म्हणून खरा प्रश्न असा विचारायचा: हा कागद कोणत्या ठशांवरून, कधी आणि कोणत्या पद्धतीने छापला गेला? उत्तरं चार संभवतात. १८५७-५८ च्या सुमाराची सुरुवातीची प्रत. त्याच ठशांवरून नंतर काढलेली, झिजलेल्या ठशांची प्रत. विसाव्या शतकात नव्याने लाकूड कोरून हातानेच छापलेली प्रत, जिला जपानीत फुक्कोकु म्हणतात. आणि कॅमेऱ्यावरून यंत्राने छापलेली नक्कल. पहिल्या दोन आणि चौथ्यातला फरक घरी दहा मिनिटांत कळतो. तिसऱ्याशी मात्र झगडावं लागतं, आणि १९६० च्या दशकात बंदरातल्या दुकानातून घेतलेलं चित्र बहुधा तिसरं किंवा चौथंच निघतं.

सगळ्या चाचण्यांचा पाया छपाईच्या पद्धतीत आहे. तिथे यंत्र नाही. ठशावर पाण्यात कालवलेला रंग आणि भाताची खळ ब्रशने पसरवायची, किंचित ओलसर कागद त्यावर ठेवायचा आणि पाठीमागून बारेनने घासायचं. बारेन म्हणजे पिळलेल्या दोरीची चकती, वरून बांबूच्या सालीचं वेष्टन घातलेली. ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनी आणि त्याच बाजूला थोडं पुढे सरळ अशा दोन खुणा कोरलेल्या असतात, त्यांना केंतो म्हणतात. कागद दर रंगाला या खुणांना टेकवून बसवायचा, म्हणजे दहा-बारा ठसे एकमेकांवर बरोबर बसतात. थोडक्यात, रंग कागदावर बसत नाही, कागदात मुरतो. आणि घासण्याचा दाब कागदाच्या पाठीवर उमटतो.

आता फ्रेम. ती उघडल्याशिवाय खात्रीचं उत्तर मिळणार नाही. स्वच्छ, कोरडे हात पुरेत. हातमोज्यांनी कागदाच्या कडा अडकून फाटतात. टेबलावर धुतलेली चादर, त्यावर फ्रेम काच खाली करून, पाठची टेप कापायची, खिळे पक्कडीने सरळ ओढायचे, प्लाय उचलायचा. आपल्याकडच्या जुन्या फ्रेममध्ये चित्र आणि काच यांच्यात बहुतेक वेळा मोकळी जागा नसते आणि दमट हवेत कागद काचेला चिकटतो. समोरून तिरप्या उजेडात काचेवर ओलसर, चकचकीत धब्बे दिसले तर तिथेच थांबा. ओढू नका, वाफ देऊ नका, पाणी तर नाहीच. अशा कामासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे.

चित्र सुटं निघालं की पहिलं मोजमाप. या मालिकेची चित्राची चौकट साधारण ३४ × २२ सेंमी, आणि समासासकट कागद ३६ ते ३९ × २५-२६ सेंमीच्या आसपास असतो. या मापाला ओबान म्हणतात. तुमचं चित्र ५० × ३५ असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, पोस्टर आहे. माप बरोबर आलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण फुक्कोकुही याच मापाचं असतं. दीडदोन मिलिमीटरचा फरक सोडून द्या. कागद ओला होऊन वाळताना आक्रसतो, लाकूडही.

दुसरं, १० पट भिंग. घड्याळवाल्यांचं चालतं. आकाशाचा राखाडी भाग आणि नदीचा निळा भाग बघा. ऑफसेट छपाई असेल तर रंग नाहीसा होऊन निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके ओळीने, फुलांच्या पाकळ्यांसारखे दिसतील. इंकजेटमध्ये ठिपके विखुरलेले असतात. कोलोटाइपमध्ये, म्हणजे काचेवरच्या जिलेटिनच्या थरावरून फोटो छापायच्या जुन्या पद्धतीत, ठिपके नसतात, पण सुकलेल्या चिखलाला भेगा पडाव्यात तशी बारीक वळवळती जाळी दिसते, आणि इथेच लोक फसतात, कारण ठिपके नाहीत म्हणजे लाकडी ठसा असं ते धरून चालतात. शिळाछापाचा दाणा कसा असतो ते बघायचं असेल तर कुणाच्या देवघरातलं रविवर्मा प्रेसचं जुनं लक्ष्मीचं चित्र भिंगाखाली धरा: रंगीत खसखस सांडल्यासारखी दिसते. लाकडी ठशाचा रंग याहून वेगळा. सपाट, तंतूंच्या मधे मुरलेला, कधी त्यात लाकडाच्या शिरा उमटलेल्या, आणि रेघेच्या कडेला रंग किंचित दाट साचलेला.

भिंगाखाली ठिपके किंवा जाळी दिसली तर तपासणी संपली. यंत्राची नक्कल आहे, आजोबांची आठवण म्हणून जपा.

तिसरं, पाठ. माझ्या मते नवख्या माणसाला सगळ्यात जास्त सांगणारी जागा हीच, आणि ती कुणी बघत नाही. चित्र पालथं करून टेबलाच्या पातळीवरून एकाच बाजूने टॉर्च मारा. हाताने छापलेल्या कागदावर गडद रंग पाठीपर्यंत आलेले असतात: ढगाचा काळा पट्टा, नदीचा निळा, सहीची लाल पट्टी. त्यांवर गोलाकार, एकमेकांना छेदणाऱ्या घासल्याच्या खुणा दिसतात, त्या बारेनच्या. रेघा किंचित उठलेल्या किंवा दबलेल्या जाणवतात. पाठ कोरी पांढरी आणि गुळगुळीत असेल तर यंत्राची शक्यता फार वाढते. अपवाद दोन: चित्रामागे दुसरा कागद चिकटवलेला असेल तर खरी पाठ दिसतच नाही, आणि जुनी चित्रं धुऊन, दाबून सपाट केलेली असतील तर खुणा पुसट होतात. पुठ्ठ्यावर डकवलेलं असेल तर स्वतः सोडवायला जाऊ नका.

चौथं, कागद. या छपाईचा होशो कागद कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या सालीचा असतो. मऊ, जाडसर, पण हलका. फाटलेल्या कडेला लांब रेशमी तंतू लोंबतात. उजेडावर धरला तर गाळायच्या चटईच्या समांतर रेघा दिसतात. लाकडाच्या लगद्याचा कागद असेल तर तो कडेला तपकिरी, ठिसूळ होतो आणि दुमडला तर तुटतो. मग अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च काही सेकंद मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात सर्रास वापरली जाऊ लागली १९५० च्या सुमारापासून. पण उलट अनुमान काढू नका. कागद चमकला नाही म्हणजे जुना असं नाही. चांगल्या छापखान्यांचा कोझो कागद आजही चमकत नाही. आणि चमक एकाच डागापुरती असेल तर कदाचित कुणीतरी साबणाच्या पाण्याने पुसलंय, एवढंच.

रंगावरून काय कळतं? या चित्रात फारसं नाही. नदीचा निळा म्हणजे प्रशियन निळा, जपानीत बेरो-आइ. १८३० च्या सुमारास तो स्वस्तात मिळू लागला आणि हिरोशिगे आणि त्याच्या आधीच्या पिढीतला चित्रकार होकुसाई, दोघांची निसर्गचित्रं त्याच्यावरच उभी आहेत. तो नकलेतही असतो. जिथे रंग उपयोगी पडतो ते म्हणजे भडक जांभळा किंवा गुलाबीकडे झुकणारा लाल. असले रासायनिक रंग जपानी छपाईत १८६० च्या दशकात शिरले, त्यामुळे १८५७ च्या छपाईत ते असू शकत नाहीत.

रंगापेक्षा रंग चढवण्याची पद्धत बघा. वरचा काळा ढग बोकाशीने केलेला असतो: ठशावर ओलावा देऊन ब्रशच्या एका बाजूला रंग घ्यायचा आणि गडदाकडून फिक्याकडे हाताने उतरवायचा. त्या ढगाची कड लाकडात कोरलेली नाही, ती दर कागदाला छापणाऱ्याच्या हाताने नव्याने होते. म्हणून दोन प्रतींतले ढग कधीच तंतोतंत सारखे नसतात. सुरुवातीच्या प्रतींत अशा छटा भरपूर आणि काळजीपूर्वक केलेल्या, शीर्षकाच्या चौकटीतही रंग उतरवलेला. खप वाढल्यावर वेळ वाचवायला या छटा कमी केल्या किंवा गाळल्या. याचा एक गमतीशीर उपयोग आहे. तुमच्या चित्रातला ढग एखाद्या संग्रहालयाच्या फोटोतल्या ढगाशी कडेसकट जुळला, तर आनंदून जाऊ नका. बहुधा त्याच प्रतीचा फोटो काढून तुमचं चित्र छापलेलं आहे. अशा नकलांत मूळ प्रतीवरची घडी आणि किड्याचं भोकही छापलेलं सापडतं. बोट फिरवलं की भोक नाहीच!

आता खरं कष्टाचं काम. इथवर सगळं हातछपाईच्या बाजूने आलं असेल तर उरतो प्रश्न ठशाचा: १८५७ चा, की नंतर कोरलेला? याला एकच विश्वासाचा उपाय, रेघेला रेघ जुळवणं.

ब्रुकलिन म्युझियमकडे ही मालिका आहे. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, बोस्टनचं ललितकला संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवरही या चित्राच्या मोठ्या प्रतिमा शोधता येतात. किमान तीन वेगवेगळ्या प्रती उतरवून घ्या. एकच घेतली तर काय ठशातलं आणि काय त्या दिवसाच्या छपाईतलं, हे वेगळं करता येत नाही. तिन्हींत जे सारखं ते ठशातलं, जे बदलतं ते छपाईतलं. मग तुमच्या चित्राचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे, शेजारी पट्टी ठेवून, कॅमेरा अगदी समांतर धरून टिपा आणि शेजारी शेजारी लावा.

बघायच्या जागा दहा-बारा पुरतात: शीर्षकाच्या चौकटीची दुहेरी रेघ, सहीतल्या अक्षरांची टोकं, छत्र्यांच्या काड्या, पुलाच्या खांबांवरच्या आडव्या रेघा, तराफ्यावरच्या माणसाचं टोपडं. आणि अर्थात पाऊस. या चित्रातला पाऊस दोन ठशांचा आहे, एक गडद आणि एक फिका, दोन्हींचा कल किंचित वेगळा. म्हणूनच तो डोळ्यांना हलल्यासारखा वाटतो. यातली प्रत्येक सर म्हणजे दोन्ही बाजूंचं लाकूड काढून उरलेली केसाएवढी भिंत. नव्याने कोरणाऱ्याला शेकडो सरी मिलिमीटरपर्यंत हुबेहूब उतरवणं जमत नाही, आणि कुणी बघणार नाही म्हणून तो तसा जिवाचा आटापिटाही करत नाही. एका छत्रीवरून जाणाऱ्या पाच सरी निवडा. प्रत्येक सर छत्रीच्या कितव्या काडीला कुठे छेदते, कुठे संपते, हे लिहून काढा. तिन्ही संग्रहालयांच्या प्रतींत ते एकसारखं असेल. तुमच्यात दोन सरी जरी भलतीकडून गेल्या तरी ठसा वेगळा.

इथे नियम एवढाच: तुटलेली रेघ चालते, वळण बदललेली रेघ चालत नाही. ठसा पाण्याने फुगतो, घासून कडा गोल होतात, बारीक रेघा तुटतात, जाड रेघा आणखी जाड होतात. म्हणून झिजलेल्या ठशाची प्रत आणि पहिली प्रत यांत तुटक्या रेघांचा फरक असणारच. पण झीज रेघेला जागेवरून हलवत नाही. होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या प्रतींचा क्रम याच तर्काने लावतात. ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासात तिच्या १११ प्रती शोधून रेघांमधल्या तुटी तपासल्या गेल्या, आणि शीर्षकाच्या चौकटीतली तूट त्यातली नेहमी बघितली जाणारी खूण. जिथे लाकूड एकदा गेलं तिथे ते परत येत नाही; अपवाद फक्त ठशाला खाच पाडून नवा तुकडा बसवून केलेल्या दुरुस्तीचा. तेव्हा संग्रहालयांच्या तिन्ही प्रतींत एक रेघ तुटलेली आणि तुमच्यात अखंड असेल, तर एक तर तुमची प्रत त्यांच्याआधीची आहे, नाहीतर नवा ठसा आहे. आधी दुसरी शक्यता तपासा.

शिक्क्यांकडे या सगळ्यानंतर वळायचं. त्या काळी छपाईआधी तपासणी होत असे आणि शिक्क्यांची पद्धत दर काही वर्षांनी बदले: १८४२ पर्यंत ‘किवामे’ हा एकच शिक्का, १८४७ ते १८५२ तपासणाऱ्या दोघांच्या नावांचे, १८५३ ते १८५७ ‘आरातामे’, म्हणजे तपासलं, आणि शेजारी तारखेचा वेगळा, १८५९ पासून दोन्ही एकातच. तुमच्या चित्रावर आरातामे आणि ‘सर्प, नऊ’ असा तारखेचा शिक्का अपेक्षित आहे. सर्पवर्ष म्हणजे इथे १८५७, नऊ म्हणजे नववा महिना. या मालिकेत शिक्के आणि प्रकाशकाचं नाव समासात येतात, आणि जुन्या मालकांनी समास सर्रास कापलेले असतात. त्यामुळे शिक्का नाही म्हणून खोटं ठरवू नका, आहे म्हणून खरंही नाही. समासात एखाद्या आधुनिक छापखान्याचं नाव, किंवा ‘मेड इन जपान’ असं इंग्रजीत असेल तर मात्र प्रश्न मिटला.

फुक्कोकु निघालं तर हिरमुसू नका. तोक्योच्या अदाची संस्थेसारखे छापखाने १९२८ पासून ठसे कोरून, बारेनने, कोझो कागदावरच छापतात. चांगलं फुक्कोकु म्हणजे कोरणाऱ्या-छापणाऱ्यांचं अस्सल काम, आणि रंग कसे ताजे दिसत असतील याची कल्पना उन्हाने विटलेल्या मूळ प्रतीपेक्षा त्यातून बरी येते. त्याला बाजारभाव मात्र मूळ प्रतीचा मिळत नाही.

किमतीबद्दल फोटोवरून आकडा सांगणाऱ्याचं ऐकू नका. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात होकुसाईच्या लाटेच्या एका प्रतीला सुमारे २७ लाख ६० हजार डॉलर आले, आणि ती बातमी वाचून लोक घरातलं कॅलेंडर विमा कंपनीकडे नेतात. तीच लाट, तेच ठसे, पण उशिराची, विटलेली, समास कापलेली प्रत त्याच्या जवळपासही जात नाही. भाव ठरतो ठशाची झीज, रंगाचा ताजेपणा, समास, घड्या, दुरुस्त्या यांवर. रेघा जुळल्याच, तर लिलावगृहाच्या जपानी विभागाला फोटो पाठवून मत घ्या. परदेशी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधनं आहेत.

निकाल काहीही लागो, त्याच फ्रेममध्ये परत घालू नका. मागे प्लाय नको, आम्लरहित पुठ्ठा हवा; पुढे खिडकी कापलेला माउंट, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. चित्र वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी पातळ कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने अडकवायचं. फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन यांचं नावही काढू नका. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, कसर आणि बुरशी दोन्ही तिथेच लागतात. ओल्या फडक्याने पुसणं सक्त बंद; जुन्या छपाईतले रंग पाण्याचेच, काही तर एका थेंबानेही पसरतात.

पुढचं मत हवं असेल तर चार फोटो टाका: काचेशिवाय पूर्ण चित्र समासासकट, तिरप्या उजेडात पाठ, शीर्षकाची चौकट पट्टीसकट जवळून, आणि एका छत्रीवरच्या सरी भिंगातून.